मंगळवारला द्यायचा बुधवार

मी, जिला घरात आणि थिएटरात सगळे मुकी म्हणतात, वय एकोणीस पूर्ण, धंदा गाणं, राहणार मावशीकडे तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी दबाव टाकलेला नाही, कुणी फूस लावलेली नाही, आणि मी काही प्यायलेले नाही, प्यायले असेन तर कोमट पाणी. हे माझं पहिलंच मृत्युपत्र, त्यामुळे "आधीची सगळी रद्द" असं लिहायची खरं तर गरज नाही. पण वकीलकाका म्हणाले, लिहून टाक, भारदस्त वाटतं. तर आधीची सगळी रद्द.

वकीलकाका म्हणजे खालच्या मजल्यावरचे. त्यांनी आता कोर्टात जाणं सोडलंय, पण कुणी सल्ला विचारला की लगेच चष्मा शोधायला लागतात. त्यांनी मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, दोन साक्षीदार पाहिजेत आणि मी सही करताना त्यांना दिसले पाहिजे. दोन, ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला तर त्याला मिळायचं ते रद्द. मी पाटीवर लिहून विचारलं, बाकी कसंही लिहिलं तर चालेल का. ते म्हणाले, "चालेल. मनातलं लिही. पण खाडाखोड करू नकोस."

आता कारण. उद्या गुरुवारी सकाळी माझ्या गळ्याचं ऑपरेशन आहे. आवाजाच्या पडद्यावर मोहरीएवढी गाठ आलीय. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही धोका नाही, आवाजाचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. मावशी म्हणाली, "चला, जिवाला धोका नाही ना, मग झालं." मी तिच्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "बरं, नाही झालं."

गाठ सापडल्यापासून मला बोलायला बंदी आहे, कुजबुजायला सुद्धा. म्हणून पाटी. मावशी सगळ्यांना सांगते, आम्हाला काही फरक पडला नाही, आधी पण ही बोलत नव्हतीच, आता निदान लेखी उत्तर मिळतं.

पण मरणार नाहीस तर मृत्युपत्र कशाला, असं ती सकाळपासून विचारतेय. तर मावशी, मी ऑपेरात काम करते. आमच्याकडे शेवटच्या अंकात बाई मरते. मरताना पंधरा मिनिटं गाते, अंथरुणावर उठून बसते, परत पडते, परत उठते, पण कुणाला काय द्यायचं ते एकही जण सांगत नाही. मागे राहिलेले नुसते तिच्या पायाशी रडत बसतात. मला तसं नको. आवाज गेला तर माझ्यातलं बरंचसं जाणारच आहे, तेव्हा आधी वाटून टाकलेलं बरं.

कलम पहिलं. मावशी.

बँकेत जे असेल ते मावशीचं. खिडकीजवळची कॉट पण तिची, कारण तिच्या कॉटला मध्ये खड्डा आहे आणि ती सांगत नाही.

मावशी थिएटरात कपडेपटावर आहे. माझी शाळा सुटली तेव्हा तिने मला इस्त्रीखोलीत नेलं आणि सांगितलं, "इथे कुणी तुला काही विचारणार नाही. कॉलर आधी, मग बाह्या." तिथे इतकी वाफ असायची की समोरचं माणूस दिसायचं नाही. मला फार बरं वाटलं. कुणी दिसत नाही म्हणजे मी पण कुणाला दिसत नाही, असा हिशोब करून मी गायला लागले. वरच्या मजल्यावर जे चालायचं ते खाली ऐकू यायचं, तेच मी उचलायचे. एक दिवस दार उघडलं, वाफ बाहेर गेली आणि समोर कोरसमास्तर उभे.

"कोण गात होतं?" त्यांनी विचारलं.

मी इस्त्रीकडे बोट दाखवलं.

कलम दुसरं. शाळेच्या बाई.

सातवीत मला कविता म्हणायला उभं केलं होतं. दोन ओळी म्हटल्या आणि पुढचं आठवत असून तोंड उघडेना. बाई म्हणाल्या, "येईपर्यंत उभी राहा." शाळा सुटायची घंटा झाली तरी मी उभी होते. दुसऱ्या दिवशी परत उभं केलं. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही, ती आजपर्यंत.

तर त्या बाईंना मी कवितेच्या राहिलेल्या ओळी देते. मावशीने शाळेत जाऊन त्या म्हणाव्यात, वर्ग भरलेला असताना, आणि म्हणून झाल्यावर "बसू का?" असं विचारावं.

(मावशीने हे वाचलं. म्हणाली, "मी म्हणेन, पण चाल लावून म्हणणार नाही." नको लावूस.)

कलम तिसरं. झाड.

कोरसमास्तरांनी मला कोरसात घेतलं, पण मी प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहीना. पडदा उघडला की मी वळायचे. सगळ्या गवळणी पुढे बघतायत आणि एकीची नुसती वेणी दिसतेय. शेवटी मास्तर कंटाळले. तिसऱ्या अंकातल्या जंगलात एक लाकडी झाड होतं, आतून पोकळ, मागे दार आणि तोंडाच्या उंचीला भोक. ते म्हणाले, "हिला आत घाला." तेव्हापासून मी झाड आहे. दरबाराचा देखावा असला तरी कोपऱ्यात झाड असायचंच. एकदा तर जहाजावर होतं. कुणी काही विचारलं नाही.

सिनेमाचे दिग्दर्शक आमचा खेळ बघायला आले होते. त्यांना गाण्यांचा सिनेमा काढायचा होता आणि हिरॉईनसाठी आवाज पाहिजे होता. मध्यंतरात ते आत आले आणि म्हणाले, "मुख्य बाई ठीक आहेत. पण ते झाड कोण गातंय?"

नवीन झाड आलं तेव्हा थिएटर हे जुनं टाकून देत होतं. मावशीने ते हमालाच्या डोक्यावरून घरी आणलं. आता ते आमच्या पुढच्या खोलीत आहे आणि ती त्याच्या फांद्यांवर टॉवेल वाळत घालते. हे झाड मी कोरसमास्तरांना देते. पुढे कुणी लाजाळू मुलगी आली तर तिला आत घालावं. पण फार वर्षं ठेवू नये.

कलम चौथं. हिरॉईन.

हिच्याशी माझं भांडण आहे आणि ते तिला माहीत नाही, कारण मी बोललेले नाही.

गाण्याच्या सिनेमात असं असतं की गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि मग ते लावून हिरॉईन ओठ हलवते. ओठ कुणीही हलवेल. अवघड असतो श्वास. गाणारीने जिथे श्वास घेतला तिथे हिरॉईनची छाती वर गेली पाहिजे, नाहीतर लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि काय ते कळत नाही. म्हणून शूटिंगच्या दिवशी मी कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसते आणि हाताने दाखवते. हात वर, घे. हात खाली, सोड. ती माझ्याकडे बघत बघत हिरोच्या प्रेमात पडते. ते जे तिचे डोळे पाणावल्यासारखे दिसतात ना, ते माझा हात शोधत असतात.

पहिल्या सिनेमात एक जिन्यावरचं गाणं होतं. त्यात एक लांब ओळ आहे, खालून सुरू होते आणि वरच्या सुरावर जाऊन तिथेच राहते. ती मी एका दमात गायले. मला त्याआधी तशी जमली नव्हती आणि नंतर पण नाही. रेकॉर्डिंगकाकांनी काचेपलीकडून नुसते दोन्ही हात वर केले होते.

शूटिंगच्या दिवशी आमचा दुपारचा खेळ होता. मी झाडात होते. आणि इकडे हिरॉईनने जिन्यावर, बरोबर त्या ओळीच्या मध्यावर, दणदणीत श्वास घेतला. पडद्यावर दिसतो. खांदे पण हलतात. पेपरात आलं, गायिकेने ओळ मध्येच तोडली नसती तर गाणं कुठल्या कुठे गेलं असतं. गायिकेचं नाव पडद्यावर नव्हतं, चूक मात्र तिची.

म्हणून हिरॉईनला मी माझा राग देते. पूर्ण देते, वाटणी नाही. तिने तो जन्मभर सांभाळावा, विकू नये, गहाण टाकू नये.

रेकॉर्डिंगकाकांना खोकल्याच्या गोळ्यांची डबी. का ते पुढच्या कलमात येईल.

कलम पाचवं. मंगळवार.

हे कलम मी मावशीला वाचू देणार नाही.

सिनेमात हिरोचा आवाज ज्याचा आहे तो पण ऑपेरातलाच, पण दुसऱ्या थिएटरातला. त्यांच्या थिएटरला मंगळवारी सुट्टी, आमच्या थिएटरला गुरुवारी. त्यामुळे तो त्याचा भाग मंगळवारी गातो, गुरुवारी मी कानाला हेडफोन लावून माझा त्याच्यावर गाते, आणि पुढच्या मंगळवारी तो माझं ऐकून त्याचं परत नीट करतो. दोन सिनेमे झाले, तिसरा चालू आहे. आम्ही सोळा वेळा एकमेकांवर जीव ओवाळून टाकला, दोनदा एकत्र पळून गेलो, आणि अजून एकमेकांना बघितलेलं नाही. मी त्याला मंगळवार म्हणते, मनातल्या मनात. तो मला गुरुवार म्हणतो, ते टेपवर आहे.

टेप सुरू झाली की गाण्याआधी थोडी मोकळी जागा असते, ती नंतर कापून टाकतात. त्या जागेत तो माझ्याशी बोलतो. रेकॉर्डिंगकाका हातात कात्री घेऊन बसलेले असतात, पण माझं ऐकून होईपर्यंत कापत नाहीत. पहिली तीन गाणी तो "तुम्ही" म्हणायचा. चौथ्यापासून "तू". मी काही बोलले नाही म्हणजे हरकत नाही, असं त्याने धरलं असणार. हरकत नव्हती.

मी एकदाही उत्तर दिलेलं नाही. माझ्या टेपवर पण मोकळी जागा असते. दर गुरुवारी मी माईकसमोर उभी राहायचे, आज बोलायचंच असं ठरवायचे, बोलण्यासाठी श्वास घ्यायचे, आणि तेवढ्यात गाणं सुरू व्हायचं.

आता या तिसऱ्या सिनेमाचं शेवटचं गाणं दोघांचं आहे. दिग्दर्शक म्हणाले, हे दोघांनी एका माईकपुढे उभं राहूनच गायला पाहिजे. दोन्ही थिएटरांकडून परवानगी काढली आणि मधला वार धरला. बुधवार. आजचा. मग मोहरी सापडली आणि रद्द झालं.

माझी अडचण कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. त्याला माझा फक्त आवाज माहीत आहे. बाकी मी कशी आहे, काळी की गोरी, उंच की बुटकी, काही माहीत नाही. उद्या आवाज गेला तर त्याच्यासाठी माझं काहीच उरत नाही. मावशीला मी उरेन, कोरसमास्तरांना झाड उरेल. त्याला काय?

म्हणून मंगळवारला मी एक बुधवार देते, कुठला ते त्याने ठरवावं. आणि त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते, ती अशी.

पहिल्या गाण्याआधी विचारलंस, मी तुमच्या आधी गातोय, चालेल ना? चालेल.

वरचा सूर तुम्हाला फार उंच पडत नाही ना? मला नाही. तुम्हाला पडतो. ऐकू येतं.

गारठ्यात गळ्याला काय गुंडाळतेस? मावशीचा लोकरीचा मोजा. धुतलेला.

लिंबू की आलं? आलं.

तू सांगितलंस की राजा झाला होतास आणि दाढी चिकटवायलाच विसरलास आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि विचारलंस, तुला असं झालंय का कधी. मी झाड असते. माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं तर मास्तर ओरडतात.

तू हसतेस का माझं ऐकून? हो. तीनदा माझं गाणं त्यामुळे वाया गेलं. रेकॉर्डिंगकाकांनी विचारलं, खोकला झालाय का. मी मान हलवली. तेव्हापासून ते मला गोळ्या आणून देतात. डबी भरलीय.

आणि शेवटचा, मागच्या टेपवरचा. "बुधवारी समोर असलीस तर बोलशील का माझ्याशी?" याचं उत्तर

(इथे बेल वाजली. नंतर लिहिते.)

हिरॉईन आलीय. मोठा काळा चष्मा लावून, कुणी ओळखू नये म्हणून. जिन्यात चार घरांची दारं उघडी आहेत. मावशी म्हणाली, "या या. खुर्ची एकच आहे, तुम्ही बसा, मी इस्त्रीच्या टेबलावर टेकते." हिरॉईनने फुलं आणलीत आणि ती कुठे ठेवायची ते कुणालाच कळत नाहीये. मला म्हणाली, "मला झोप नाही गं. तुझा आवाज नसला तर मी काय करू? माझा स्वतःचा कसा आहे ते ऐकलंयस ना?" ऐकलाय. रिकामा डबा जिन्यावरून जातो तसा आहे. पण मी पाटीवर लिहिलं नाही.

वकीलकाका पण वर आलेत, कागद झाला का बघायला. पहिले साक्षीदार ते. दुसरं कोण? ते म्हणाले, "मावशी नको. मावशीला मिळतंय."

परत बेल.

यापुढचं मी झाडात बसून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नये.

झालं असं. मावशीने दार उघडलं. बाहेर एक उंच मुलगा, अंगात कुणाचा तरी मोठा कोट, हातात कागदाची पुडी. म्हणाला, "मावशी, आज बुधवार. रेकॉर्डिंग रद्द झालं, पण सुट्टी मंजूर होती. म्हणून रेकॉर्डिंगकाकांकडून पत्ता घेऊन आलो." एवढं वाक्य. गाण्याआधीच्या मोकळ्या जागेतला आवाज, पण हेडफोनशिवाय, आमच्या दारात. मला कळलं तेव्हा मी झाडात होते आणि दार आतून ओढलेलं होतं. कागद बरोबर आला हे नशीब.

"मुकी कुठे गेली?" मावशी म्हणाली. "आत्ता इथे होती."

हिरॉईन हसायला लागली. वकीलकाका चष्मा शोधायला लागले.

मला भोकातून त्याचा कोट दिसत होता, गुंडीपर्यंत. मी मनाशी ठरवलं, काहीतरी करायचं. बोलायचं तर नव्हतंच. पण सवयीने मी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा. आणि कोट वळला.

"ती झाडात आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?" मावशीने विचारलं.

"हा श्वास मी दोन वर्षं ऐकतोय, मावशी. हा गाण्याआधीचा नाही. गाण्याआधीचा खाली पोटात जातो. हा वरच्या वर अडकतो. मी दर टेपला वाट बघतो, आता बोलेल, आता बोलेल." मग भोकाजवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुवार?"

मी कागदाचा कोपरा फाडला (वकीलकाका, माफ करा, खाडाखोड नाही केली) आणि त्यावर लिहिलं, आवाज परत आला नाही तर? आणि भोकातून बाहेर सरकवला.

त्याला वाचायला इतका वेळ लागला की मला वाटलं हा शाळेत माझ्यापेक्षा कमी गेला असणार.

"तर पाटी मोठी घेऊ," तो म्हणाला.

मावशी म्हणाली, "पाटी मोठीच लागेल. हिला एकदा लिहायला दिलं की थांबत नाही. सकाळपासून चाललंय." आणि वर म्हणाली, "तुम्ही आलाच आहात तर साक्षीदार म्हणून सही करा. घरचं कार्य समजा."

वकीलकाकांनी पेन काढलं. "थांबा. यात तुम्हाला काही मिळतंय का? मिळत असेल तर सही केल्यावर ते रद्द."

मी झाडातून पाचवं कलम बाहेर दिलं. मावशीला वाचू न देता त्यालाच द्या, असं वर लिहून दिलं. त्याने वाचलं. मोज्यापाशी हसला. सुरापाशी "खरंच पडतो का उंच?" असं विचारलं. मग वकीलकाकांना कागद आणि पेन परत दिलं.

"मी सही करणार नाही. मला हे पाहिजे."

"अहो, पण हे मृत्युपत्र आहे," वकीलकाका म्हणाले. "आत्ता नाही मिळत. ती गेल्यावर मिळतं."

"म्हणजे कधी?"

"आता काय सांगू? पोरगी एकोणीसची. गळा सोडला तर ठणठणीत. हिच्या घराण्यात बायका किती जगतात हो?"

मावशी म्हणाली, "आमची आई त्र्याण्णव. शेवटच्या दिवशी पण दूधवाल्याशी भांडली."

वकीलकाकांनी बोटांवर मोजलं. "सत्तर-पंच्याहत्तर वर्षं धरा."

"बरं," मंगळवार म्हणाला. "थांबतो."

आणि खरंच बसायला जागा शोधायला लागला. मावशीने इस्त्रीच्या टेबलावर सरकून त्याला जागा करून दिली. पुडीत आलं होतं. मी तर उत्तर आत्ता दिलं. त्याने विचारलं, "बरोबर आणलं ना? माझ्या मनाने आणलं."

राहिला दुसरा साक्षीदार. हिरॉईन म्हणाली, "मी करते ना सही. मला सह्यांची सवय आहे." वकीलकाकांनी नियम सांगितला. ती म्हणाली, "मला काय मिळतंय?" त्यांनी झाडातून चौथं कलम मागून घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

आता मला झाडातच बरं वाटत होतं.

तिने काळा चष्मा काढून सगळं वाचलं. मग ती झाडाकडे बघून म्हणाली, "अगं, पण मी सकाळपासून त्या उंच टाचा घालून तो जिना चढत होते. आणि तू तिकडे टेपवर श्वासच घेईनास. ओळ संपतच नव्हती. मला वाटलं, ही आता मरते. मला तुझी इतकी काळजी वाटली की तुझ्या वाटचा मीच घेतला."

 

"आण ते पेन," ती म्हणाली. "सही केली की माझा वाटा रद्द ना? मग करतेच. मला नको तो राग, माझ्याकडे ठेवायला जागा नाही."

वकीलकाका म्हणाले, तिच्या सहीने फक्त तिचा वाटा जातो, बाकी कागद पक्का. म्हणजे आता कायद्याने माझा हिरॉईनवर राग नाही. कायद्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

पण मग ते झाडावर टकटक करून म्हणाले, "बाहेर ये पोरी. सही करताना तू दोघांना दिसली पाहिजेस. झाडाला सही करता येत नाही."

मी आत जरा वेळ बसले. बाहेर कुणी घाई केली नाही. मावशीने केटलीत आलं टाकलं. मग मला तिसरं कलम आठवलं, त्यातलं शेवटचं वाक्य, फार वर्षं ठेवू नये. दुसऱ्याच्या मुलीला सांगणं सोपं असतं.

आले बाहेर. डोक्यावर टॉवेल होता, तो हिरॉईनने काढला. मंगळवार उभा राहिला. तो माझ्याएवढाच लाजतो, हे टेपवर कळत नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. दोघंही बोललो नाही. मला बंदी होती, त्याला काय झालं होतं माहीत नाही.

पाचव्या कलमात राहिलेलं उत्तर इथे लिहिते, मंगळवारने ते तिथेच आहे असं समजावं. बोलशील का माझ्याशी? हो. आज पाटीवर. उद्यापासून जसं जमेल तसं.

बुधवार कुठला ते त्याने ठरवायचं होतं. तो म्हणाला, सगळे.

वरचं सगळं मी शुद्धीत लिहिलं, थोडं झाडात आणि बाकी बाहेर. दोन्ही साक्षीदारांनी मला उघड्यावर, पूर्ण उंचीत, सही करताना बघितलं.

सही: मुकी

साक्षीदार: वकीलकाका, खालचा मजला. चष्मा सापडला, मावशीच्या पिशवीत होता.

साक्षीदार: हिरॉईन. वाटा सोडून दिला.

सही न करणारा: मंगळवार. वाट बघतो आहे.

ठिकाण: मावशीची पुढची खोली, झाडाच्या बाहेर.

वार: बुधवार.